हातमोज्यातलं शेवाळ

थोरलीला सगळी गल्ली भिंगवाली म्हणायची. तिचं कामच तसं. दलदलीतलं शेवाळ उपटून आणायचं, पाण्यात खळबळवायचं, बारीक चाळणीतून गाळायचं आणि खाली उरलेल्या गाळाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. त्या थेंबात अमीबा असत. शाळेच्या पुस्तकातला तो उघडाबोडका, सांडल्यासारखा पसरलेला अमीबा नव्हे. हे घरंदाज अमीबा, कवच घालून राहणारे. मिठाच्या कणाहून लहान घर आणि घराला एखादं दार. कुणी वाळूचे कण जोडून भिंत घालतो, कुणी काचेसारखे खवले लावतो, कुणाची नुसती पिवळी कुपी. आतला जीव जातो, घर मात्र वर्षानुवर्षं शेवाळात तसंच राहतं. आणि कुठल्या ओलीत कोण घर बांधणार हे ठरलेलं. पिवळ्या कुप्या दिसल्या की समजावं, इथं पाणी शेवाळाच्या गळ्याशी आहे. तिकोनी तोंडाची तपकिरी मडकी दिसली की समजावं, पाणी खोल उतरलंय, वरचं शेवाळ तहानेलं आहे.

तिच्या धाकट्या बहिणीचा नवराही त्याच दलदलीवर पोट भरायचा. जागोजागी रोवलेल्या नळ्यांची झाकणं काढायची, आत पट्टी सोडायची, पाणी किती खाली गेलं ते बघायचं, झाकण लावून पुढं जायचं. म्हणून तो पाणमोज्या. थोरलीला चिडवायची एकही संधी तो सोडत नसे. मी एका काठीत जे सांगतो ते सांगायला हिला मडक्यांचा बाजार मांडावा लागतो, म्हणायचा. ती म्हणायची, तुझी काठी आजचं सांगते, माझी मडकी मागचंही सांगतात. त्यावर तो हसायचा. मागचं पाणी प्यायचंय कुणाला?

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी तो धुक्यात गेला आणि परत आला नाही.

दलदलीच्या पार मध्यावर एक काळा खड्डा होता. लोक त्याला डोळा म्हणत. वर तरंगतं शेवाळ, खाली तळ नाही. पाय पडला की माणूस गेलाच. त्या दिवशी त्याला डोळ्याकाठची नळी बघायची होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शोधायला माणसं गेली, कुत्री गेली. कुत्री पाण्यापाशी येऊन गोल गोल फिरली आणि खाली बसली. मग थंडी पडली आणि सगळं रान गोठलं. गल्लीच्या जिभांना मात्र थंडी बाधत नाही. देह नाही, चिठ्ठी नाही, मग मेला कशावरून? असेल कुठंतरी एखादी बाई. आई दुकानात गेली की बोलणं थांबायचं, आणि ती बाहेर पडली की पाठीमागं पुन्हा सुरू व्हायचं.

धाकटी ताडपत्र्या शिवायची. मागच्या खोलीत अवजड मशीन, पायाशी हिरव्या-निळ्या कापडाचे ढीग. ती शिवत राहिली. रडली नाही. मेलेल्याची बायको म्हणून रडावं की टाकलेली बायको म्हणून, हेच तिला कुणी सांगेना.

बर्फ वितळलं तेव्हा दलदलीचे सगळे चर जिथं ओढ्याला मिळतात, तिथल्या लोखंडी जाळीत एक हातमोजा अडकलेला सापडला. जाड लोकरीचा, उजव्या हाताचा, धाकटीनंच विणलेला. बोटांपासून मनगटापर्यंत लोकरीत शेवाळ गुंतून बसलं होतं. फौजदार तो मोजा पेटीत घालून थोरलीच्या प्रयोगशाळेत आला. दमलेला, जुन्या बुटांचा माणूस. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं पेटी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता बोलला.

“तुम्ही नात्यातल्या. नियमानं हे तुमच्याकडे आणायलाच नको. पण वाचणारं दुसरं आहे कोण?”

मग त्यानं अडचण सांगितली. दलदल सुकत चालली होती, म्हणून सरकारनं पाणी काढून नेणारे सगळे चर बुजवून बांध घालायचे आणि पाणी पुन्हा चढवायचं ठरवलं होतं. उन्हाळ्याच्या आत काम उरकायचं होतं. एकदा पाणी चढलं की शोध संपला. खोदायचं यंत्र मिळेल, पण एखाद्याच जागेसाठी. अख्खं रान काही उलटंपालटं करता येत नाही. हे शेवाळ कुठल्या जागचं, एवढंच त्याला हवं होतं.

थोरलीनं चिमट्यानं शेवाळाच्या काड्या सुट्या केल्या. मनगटाकडच्या वेगळ्या केल्या आणि एका नळीत घालून बाजूला ठेवल्या. मोज्याचा काठ दहा ठिकाणी घासतो, त्याचा भरवसा काय धरायचा? तळव्यातलं, बोटांतलं तेवढं शेवाळ घेतलं. काचेमागून काच पाहिली. पिवळ्या कुप्या, पुन्हा पिवळ्या कुप्या. सगळ्या रिकाम्या. या जातीच्या पोटात हिरवे कण असतात, त्यांना ऊन लागतं; जिवंत कुपी भिंगाखाली लहानशा कंदिलासारखी दिसते. इथं एकही कंदील लागलेला नव्हता. तिनं स्वतःची समजूत काढली, की हिवाळाभर मोजा चरात पडून होता, जगणार कोण? काड्यांना शेंडेही नव्हते. कुजून गेले असतील, असं ती म्हणाली. आणि मान्य करायला नको वाटलं तरी खरं असं, की तिला डोळाच हवा होता. डोळा माणसाला लवकर नेतो.

तिनं फौजदाराला डोळा सांगितला. धाकटीला म्हणाली, “क्षणाचं काम असतं तिथं. त्याला कळलंही नसेल.” आई दुसऱ्या दिवशी सांगत होती, की पोर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा झोपली, पाठ टेकली ती उजाडेपर्यंत.

डोळ्यावर पंप लागले, यंत्र लागलं. तरंगतं शेवाळ गोधडीसारखं गुंडाळून काठावर टाकलं. काळं पाणी उपसलं, काळा चिखल उपसला. झाडांची मुळं निघाली, जुना लाकडी ओंडका निघाला, माणूस निघाला नाही. काठावरची नळी जागच्या जागी उभी होती आणि तिचं झाकण घट्ट लावलेलं होतं. म्हणजे पाणमोज्यानं इथलं माप घेतलं होतं, झाकण लावलं होतं आणि मग तो इथून निघाला होता. फौजदार हात चिखलानं माखलेले तसाच तिच्याकडे वळला.

“सुतावरून स्वर्ग गाठायला गेलो आपण, बाई.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गल्लीत नवा अंकुर फुटला. काम संपवून, झाकण लावून गेला म्हणे. पळून जाणारा माणूस असाच नीटनेटका जातो.

थोरली प्रयोगशाळेत गेली ती मान खाली घालून. थंड कपाटातून मोजा काढला, थाळीत पसरला आणि भिंग न लावता नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत बसली. इतके दिवस तिनं हा मोजा आतून पाहिला होता, थेंबाथेंबानं. पुरता असा पाहिलाच नव्हता. तर्जनीच्या टोकापासून सुटी करायची राहिलेली एक लांब काडी लोकरीच्या टाक्यांतून वर वर गेली होती, तळव्यावरून, अंगठ्याच्या मुळाजवळून, थेट मनगटापर्यंत. आणि मनगटाशी तिला शेंडा होता. फिकटलेला, चुरगळलेला, पण शेंडाच, ताऱ्यासारखा.



शेवाळाची काडी वर वाढते आणि खाली मरत जाते. वरती आज, खाली काल, त्याच्या खाली परवा. हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? नव्या पोरांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. आजचं पाणी विचारायचं असेल तर हिरवा शेंडा घ्या, तपकिरी बुंध्याला विचाराल तर तो आजोबांच्या गोष्टी सांगेल. आणि तिनं स्वतः बुंध्याला विचारलं होतं. शेंडे कुजले नव्हते. शेंडे मनगटाशी होते, तिनं स्वतःच्या हातानं नळीत घालून बाजूला ठेवलेले.

तिनं ती काडी अलगद सोडवली, पात्यानं तुकडे केले आणि वरपासून एकेक तुकडा वाचत गेली. शेंड्यात तिकोनी मडकी. त्यातली काही जिवंतसुद्धा, अंग आवळून, आतल्या आत गोळा होऊन बसलेली. त्याखाली पुन्हा तिकोनी. मग सरमिसळ. आणि बोटाच्या टोकाशी, तळाच्या तुकड्यात, पिवळ्या कुप्या, जुन्या, कधीच्या रिकाम्या. म्हणजे ही जागा काही वर्षांपूर्वी ओली होती आणि आता कोरडी होती. मधे कुणीतरी तिचं पाणी काढून नेलं होतं. असं पाणी काढून नेणारा दलदलीत एकच होता, लांब चर. तो डोळ्याजवळून निघून घरांच्या मागून जात होता. वरच्या अंगाला त्याच्या काठी नुसती काळी माती आणि गवत. असं शेवाळ होतं फक्त शेवटच्या टप्प्यात, धाकटीच्या परसामागच्या शेतापलीकडे.

थोरलीनं आपला उजवा हात टेबलावर उभा धरला. बोटं खाली, मनगट वर. शेंडा मनगटाशी आणि बुंधा बोटाशी यायला हात असाच जायला हवा होता, वरून खाली, सरळ, मनगट बुडेपर्यंत. पडणाऱ्या माणसाचा हात असा जात नाही. असा जातो धरून राहणाऱ्याचा. चराच्या भिंती निसरड्या, तळाचा चिखल पाय गिळून सोडत नाही, पाणी छातीला. काठावरच्या शेवाळात त्यानं बोटं रुतवली होती आणि तो धरून राहिला होता.

बोललं नाही तर काय होईल हेही तिनं मनात मांडून पाहिलं. बांध पडतील, पाणी चढेल, चर बुजेल. धाकटीला झोप लागत राहील. गल्ली बोलायचं ते बोलेल आणि कधीतरी थकेल. बोललं तर तो मिळेल, पण मग तो कसा गेला हेही त्याच्याबरोबर घरात येईल आणि घर सोडून जाणार नाही. दगडाखाली हात सापडला होता. ओढला तरी सोलणार, ठेवला तरी सोलणार. शेवटी तिनं मोजा थाळीत झाकला आणि फौजदाराकडे जायच्या आधी धाकटीकडे गेली.

धाकटी मशीनवर होती. ताडपत्रीची कड दुमडून सुईखालून सरकवत होती. थोरलीनं उभ्या उभ्याच सांगितलं, बसली असती तर सांगता आलं नसतं. मशीन थांबलं.

“डोळ्यात नाही?”

“नाही. मी चुकले.”

“मग कुठं?”

“लांब चरात. आपल्या मागच्या अंगाला.”

धाकटीनं मान वळवून मागच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून शेत दिसत होतं आणि शेतापलीकडे चराची गडद रेघ.

“म्हणजे घरी येत होता.”

“हो.”

“किती वेळ होता तिथं?”

“ते शेवाळ सांगत नाही गं.”

“शेवाळाला नाही विचारत. तुला विचारतेय, ताई.”

थोरलीनं हात पुढं केला आणि बोटं खाली करून दाखवला. धाकटी त्या हाताकडे बघत राहिली. मग काहीतरी भलतंच बोलली. मोजा घट्ट झाला होता त्याला, म्हणाली, मीच म्हटलं होतं, वापरून सैल होईल. तिनं सुईतला तुटलेला दोरा पुन्हा ओवला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला.

“फौजदाराला सांग जा. आजच जा.”

थोरली दाराबाहेर पडली तेव्हा मागं मशीन सुरू झालं होतं.

पाणमोज्या सापडला तो घरापासून हाकेच्या अंतरावर. काठ खचून त्याच्यावर आला होता आणि शेवाळाची कड ओठासारखी मिटली होती. म्हणून माणसं तिथून इतक्यांदा गेली तरी कुणाला दिसला नाही. उजवा हात उघडा होता. दलदल माणसाला कुजवत नाही, तिनं त्याला चहाच्या रंगाचा करून ठेवला होता. फौजदारानं टोपी काढली आणि थोरलीला हलक्या आवाजात म्हणाला, की त्या दिवशी मी तुम्हाला लागेल असं बोललो. ती म्हणाली, लागायलाच हवं होतं. आई चराच्या काठी उभी राहून स्वतःशीच पुटपुटत होती, कुणाला ऐकवायला म्हणून नव्हे:

पाण्याला पाठ नाही, शेवाळाला गाठ नाही,
येणाऱ्याची वाट होती, आला त्याला वाट नाही.

गल्लीतल्या बायका आल्या, तोंडं एवढीएवढीशी करून. त्यातल्या एकीनं, बोलण्यात सगळ्यांच्या पुढं असायची तिनं, धाकटीचा हात धरला आणि विचारलं, सापडला का गं अखेर?

“सापडला,” धाकटी म्हणाली. “एकटाच होता.”

त्यानंतर सगळं उरकलं, जसं उरकावं लागतं तसं. कागद झाले, माती झाली, माणसं आली आणि गेली. दलदलीत बांध घालणाऱ्यांची यंत्रं एकेक चर बुजवत घरांकडे सरकत होती. लांब चर शेवटी ठेवला होता. उद्यापरवा तोही जाणार, आणि मग शेताच्या कडेपर्यंत पाणी येणार, असं कळलं होतं.

त्या सकाळी धाकटीनं थोरलीला बोलावून घेतलं. मशीनवर ताडपत्री लावून तयार होती. तिचा चेहरा धुतलेला, केस बांधलेले, आवाज अगदी व्यवहाराचा. त्या दुपारी मी इथंच होते, ती म्हणाली. धुकं आत येतं म्हणून खिडकी लावली होती. मोठी ऑर्डर होती, मशीन चालूच होतं. आता मी खिडकी लावते, तसंच मशीन चालवते. तू चरापाशी जा, जिथं तो होता तिथं, आणि मला हाक मार.

“अगं, कशाला हे?”

“उद्या पाणी येईल. मग कधीच कळणार नाही.”

थोरलीनं तिला खूप समजावलं. धुकं वेगळं असतं, वारा वेगळा असतो, आज ऊन आहे, त्यावरून काही ठरत नाही. धाकटी ऐकून घेत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “ताई, तू दोनदा मोजून खात्री करतेस. मला एकदा तरी करू दे.”

थोरली मागच्या दारानं निघाली. आई पायरीवर बसून फाटक्या चादरीला ठिगळ लावत होती. तिनं काही विचारलं नाही, पाय तेवढे आखडून वाट दिली.

शेत ओलं होतं. चराच्या काठी खचलेली जागा अजून उघडी, जखमेसारखी. थोरली तिथं उभी राहिली आणि घराकडे वळली. खिडकी बंद होती, काचेवर आभाळ पडलं होतं, त्यामागं धाकटीची वाकलेली पाठ अस्पष्ट दिसत होती. हाक मारायला थोरलीनं श्वास भरून घेतला.

आणि तिला मशीन ऐकू आलं.

बंद खिडकीतून, भिंतीतून, शेतावरून. बारीक, पण स्वच्छ. टाके पडत होते ते मोजता आले असते. सरळ शिवण धावायची, मग कोपरा आला की मशीन थांबायचं, आणि त्या थांबण्यात सगळीकडे इतकं शांत व्हायचं, की तिथं एका माणसाची हाक सहज मावली असती. मग पुन्हा शिवण. तो इथं होता तेव्हा हे ऐकत होता. घर किती जवळ आहे, बायको काय करतेय, कुठली शिवण संपली आणि कुठली सुरू झाली, सगळं त्याला कळत होतं. मशीन थांबेल तेव्हा ओरडू, असंही त्यानं ठरवलं असेल. किंवा तोवर आवाजच उरला नसेल. थोरलीला ते कुठलंच भिंग सांगणार नव्हतं.

तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले, मान मागं टाकली, तोंड उघडलं, आणि आवाज काढला नाही. खिडकीतली पाठ एकदा हलल्यासारखी वाटली. तिनं पुन्हा तसंच केलं. मशीन थांबलं तेव्हा आणखी एकदा केलं, छाती भरून, मानेच्या शिरा ताणून, शब्दावाचून. मग हात खाली सोडले आणि शेतातून परत आली.

धाकटी मागच्या दारात येऊन उभी होती.

“मारलीस हाक?”

“मारली.”

“मोठ्यानं?”

“घसा फुटेस्तोवर.”

“दिसत होतीस तू. तोंड हलताना दिसत होतं.” धाकटी दाराच्या चौकटीला टेकली. “मी मधे मधे मशीन थांबवलं, मुद्दाम. तरी काही नाही आलं ऐकू. काहीसुद्धा नाही.” मग ती पायरीकडे वळली. “आई, तू तर बाहेर होतीस. तुला आलं का गं?”

आईचे कान या वयातही तिखट होते. सुई चादरीत तशीच ठेवून तिनं वर पाहिलं. आधी धाकटीकडे, मग थोरलीकडे. थोरलीकडे जरा जास्त वेळ.

“एवढ्या लांबून कुठं येतंय,” आई म्हणाली. “ऊन आलंय इथं. ये, बस जरा.”

थोरली पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. धाकटी आली आणि दोघींच्या मधे बसली.